बाबांच्या बंदुकीतला बार

सिंगापुरात चोआ चू कांगला आमच्या ब्लॉकमागचा रस्ता ओलांडला की झाडी सुरू होते. त्या झाडीतून एके सकाळी एक रानडुकरीण आपली पिल्लं घेऊन थेट बसस्टॉपपर्यंत आली. लोकांनी रांग न मोडता फोन काढले आणि तिचे फोटो घेतले. बाबा माझ्या शेजारी उभे होते. त्यांचा उजवा हात आपोआप खांद्याकडे गेला, बंदुकीचा पट्टा असतो तिथे, आणि तिथे माझ्या मुलीची शाळेची बॅग लागल्यावर खाली आला.

"इतक्या जवळ," ते म्हणाले, "आणि कुणी काही करत नाही?"

"आजोबा, कॅन नॉट डिस्टर्ब लाह," माझी मुलगी म्हणाली. "खायला दिलं तरी फाइन भरावा लागतो."

बाबांनी डुकरिणीकडे पाहिलं, मग नातीकडे पाहिलं, आणि या देशाबद्दल त्यांचं जे काही मत होत आलं होतं ते पक्कं झालं असावं. आई गेल्यानंतर ते गावी एकटेच राहत होते. मी आणि माझा पुण्यातला धाकटा भाऊ मागेच लागलो, म्हणून ते माझ्याकडे सिंगापूरला आले होते. आले तेही ऐन भात पिकायच्या दिवसांत. त्या दिवसांत रत्नागिरीकडच्या आमच्या गावात माणसं संध्याकाळी शेतावरच्या माचीवर बसून डुकरांची वाट पाहतात.

बाबा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. गणित शिकवायचे. उतारावरच्या भाताच्या राखणीसाठी त्यांच्या नावावर एका ठासणीच्या बंदुकीचा परवाना आहे. ही बंदूक ज्यांनी पाहिली नाही त्यांना थोडं सांगायला हवं. तिला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, त्यावर काथ्याचा बोळा, मग लोखंडी गजाने ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासायचं. हा झाला एक बार. शेवटी मागे घोड्याखाली मसुराच्या दाण्याएवढी केप बसवायची. घोडा केपवर पडला की ठिणगी आत जाते आणि बार उडतो.

भरायला एवढा खटाटोप, पण रिकामी करायची सोय त्याहून वाईट. काडतूस काढून खिशात टाकावं तसं काही नाही. एक तर बार उडवायचा, नाहीतर नळीतून सगळं उकरून काढायचं. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली आहे. डुकरं आली नाहीत, तर माणसं नुसती केप काढतात आणि आतल्या बारासकट बंदूक घरी आणून टांगतात. उद्या पुन्हा जायचंच असतं. केप काढली की बंदूक म्हणजे काठी, असं गावात म्हणतात. बाबांना ही रीत आवडायची नाही. दारू एका खोलीत, केपांची डबी दुसऱ्या खोलीत, बंदूक माळ्यावर, आणि हंगाम संपला की शेवटचा बार मातीच्या दरडीत उडवून मगच नळी धुवायची, हा त्यांचा नियम. भरण्याआधी नळीत गज घालून आधीचा बार आत नाही ना ते बघायचं, हा दुसरा. आम्हा दोघांना तो त्यांनी पाढ्यांसारखा शिकवला होता.

त्या दिवशी बसमध्ये त्यांनी नातीला शेवटच्या राखणीची गोष्ट सांगितली. सिंगापूरला निघायच्या आदल्या दिवशी डुकरं बांधापर्यंत आली, त्यांनी हवेत बार काढला, आणि सगळा कळप चौखूर उधळला. नात खूश झाली. मीही ऐकलं आणि सोडून दिलं.

पुढच्या रविवारी आम्ही लिटिल इंडियात गेलो. येताना मेट्रोत, म्हणजे इथल्या एमआरटीत, बाबा माझ्या नवऱ्याशी बोलत होते. "निघायच्या आदल्या दिवशी माचीवर बसून बसून कंटाळलो," ते म्हणाले. "एक डुक्कर फिरकलं नाही. केप काढली आणि घरी आलो."

नवऱ्याने मान डोलावली. माझ्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली.

मी बँकेत अंतर्गत तपासणीच्या विभागात आहे. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. एकच माणूस एकाच गोष्टीचे दोन तपशील देतो, तेव्हा त्यातला एक तरी खोटा असतो, आणि खोटं उगाच कुणी बोलत नाही, हे मी नोकरीत शिकले. घरचे म्हणतात की मी हे घरीही घेऊन येते. खरं आहे. मुलीने दात घासले म्हटलं तरी मी ब्रश ओला आहे का बघते. त्यामुळे एमआरटीत उभ्या उभ्या माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरायला लागला: डुकरं आलीच नसतील, तर बार गेला कुठे?

रात्रीच्या जेवणात मी विचारलं. "बाबा, निघायच्या आधी तुम्ही बार काढला होता ना?"

"काढला म्हणून सांगितलं ना."

"मग डुकरं आली होती?"

त्यांनी घास खाली ठेवला. "तू माझी उलटतपासणी घेतेस?"

"विचारलं फक्त."

"पस्तीस-पस्तीस पोरं एकदम खोटं बोलायची माझ्यासमोर. मला खोटं ओळखता येतं. बोलता येत नाही."

दहीभात तसाच टाकून ते उठले. बाबांचा राग मी लहानपणापासून ओळखते. तो सरळ असतो, येतो आणि जातो. हा राग आला आणि दोन दिवस घरात ठाण मांडून बसला. माझा संशय अजून वाढला. ज्याचं काही लपलेलं नाही तो इतका का चिडेल?

त्यानंतर मी लक्ष ठेवू लागले. आपल्याच बापावर पाळत ठेवायची म्हणजे कसंतरी वाटतं, पण मी ठेवली. ते फोन घेऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये जायचे. एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला त्यांचं बोलणं ऐकू आलं. पलीकडे गावचे आमचे शेजारी होते, घराची किल्ली त्यांच्याकडेच असते.

"माळ्यावर कुणी चढलं नाही ना?" बाबा हळू आवाजात विचारत होते. "नाही ना? बरं. चढू नका कुणी. आणि आमच्या मुलांना यातलं काही बोलू नका."

आत आल्यावर मी विचारलं, कुणाचा फोन. "पाऊसपाण्याचं विचारत होतो," ते म्हणाले.

आता मला सगळं स्पष्ट दिसायला लागलं. बंदूक भरलेली आहे. केप काढून, गावच्या रीतीप्रमाणे, बारासकट माळ्यावर टांगून बाबा विमानात बसले. आणि हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. न सांगण्याचं कारणही मला माहीत होतं. भाऊ कधीपासून त्यांच्या मागे लागला होता की आता परवाना परत करा, या वयात माचीवर बसायचं नाही. त्यावरून दोघांची कडाक्याची भांडणं झाली होती. भरलेली बंदूक घरात टाकून आलो हे कबूल केलं की भावाच्या हातात आयतं कोलीत. ताकाला जाऊन भांडं लपवणं दुसरं काय असतं?

तरीही मी स्वतःला समजावलं. घराला कुलूप आहे, माळ्यावर कुणी जात नाही. परत गेले की गुपचूप बार काढतील. म्हाताऱ्या माणसाची अब्रू ती काय, राहू दे. असं म्हणून मी गप्प बसले असते.

पण भावाचा फोन आला. नवरात्रात सुट्ट्या जोडून मिळाल्या, तेव्हा तो, वहिनी आणि दोघी मुली गावी चालले होते. "खंडेनवमी घरी करतो," तो म्हणाला. "पोरी केप वाजवायला टपल्यात."

मी हातातली कढई खाली ठेवली. खंडेनवमीला आमच्या घरी कोयते, विळे, कुदळ, आणि सगळ्यात वर ती बंदूक पाटावर मांडतात. हळदकुंकू, झेंडूची माळ. पूजा झाली की घरातल्या पुरुषाने रिकाम्या बंदुकीला नुसती केप लावून घोडा पाडायचा. फट्ट असा आवाज होतो, थोडा धूर निघतो, मुलं टाळ्या वाजवतात. आम्हीही वाजवल्या आहेत, नळीच्या अगदी शेजारी बसून. आत बार नसतो म्हणून हा खेळ. आत बार असला तर ती भरलेली बंदूक.

"हात लावू नकोस तिला," मी म्हणाले. "भरलेली आहे."

"कोण म्हणतं? मी कालच बाबांना विचारलं. म्हणाले, रिकामी आहे, घे खाली, पूज."

"ते खोटं बोलतायत."

तो म्हणाला, "ताई, तू बाबांचंपण ऑडिट करायला लागलीस?"

मला भावाचा राग आला नाही. बाबांचा आला. डुकरांपायी, एका गंजक्या बंदुकीपायी, मुलाशी भांडणात हार नको म्हणून हा माणूस नातींच्या जिवाशी खेळतोय. समोर हॉलमध्ये ते माझ्या मुलीला भागाकार समजावत बसले होते, शांतपणे, पेन्सिलला टोक करत. या माणसाला मी ओळखते तरी का, असं वाटलं मला. तेव्हाच जाऊन विचारायला हवं होतं. पण मग ते भावाला फोन करून आणखी काहीतरी पटवून देतील, अशी भीती वाटली. भाऊ त्यांचं ऐकतो, माझं नाही. म्हणून मी भावाकडून एवढंच वचन घेतलं की बंदूक माळ्यावरून काढायची ती व्हिडिओ कॉल लावून, मुलींना शेजाऱ्यांकडे पाठवून, आणि बाबा माझ्या शेजारी बसलेले असताना. समोरासमोर पकडायचं, असं माझं ठरलं होतं.

नवमीला मी रजा टाकली. आमच्याकडे नाश्ता होऊन गेला होता, तिकडे आत्ता कुठे आंघोळी आटोपत होत्या. वहिनीने फोन धरला होता. भावाने बंदूक खाली आणली तेव्हा बाबा सोफ्यावर हाताची घडी घालून दुसरीकडे बघत बसले होते. सकाळीच मी त्यांना सांगितलं होतं की आपण गज घालून बघणार आहोत. तेव्हापासून ते माझ्याशी बोलले नव्हते.

पण भावाने बंदूक कशीही धरलेली दिसली आणि त्यांच्याने राहवेना.

"तोंड घरात नको," ते म्हणाले. "मागच्या दारी जा. दरडीकडे कर. तू मागे ये गो, फोन घेऊन त्याच्या मागे उभी राहा." हे वहिनीला. "आता केप आहे का बघ. घोडा अंगठ्याने घट्ट धरून अर्ध्यावर आण. चापाला बोट लावायचं नाही."

"केप नाही," भाऊ म्हणाला.

"मी काय सांगत होतो?" बाबा म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

"आता गज," मी म्हणाले.

"घाल. तिचं समाधान होऊ दे. दस्ता जमिनीवर टेकव. नळीवर वाकू नकोस, तोंड बाजूला ठेव. गज बाजूने दोन बोटांत धर आणि हळू सोड. ठासायचा नाही, नुसता सोडायचा."

गज आत गेला आणि टक् करून थांबला. नळीच्या तोंडाशी भावाने त्यावर नखाने खूण धरली, बाहेर काढला आणि नळीला बाहेरून लावून बघितला. रिकाम्या नळीत गज पार तळाला, घोड्याच्या खाली जातो. हा खूप आधीच अडला.

मी पडद्याकडे बघतच नव्हते. मी बाबांकडे बघत होते. वाक्यं तयार होती माझी. पोरींचा तरी विचार करायचा, असं पहिलं होतं. खोटं पकडलं गेलेल्या माणसाचा चेहरा मला चांगला ओळखता येतो. आधी डोळे खाली जातात, मग आवाज चढतो.

बाबांचे डोळे खाली गेले नाहीत. ते पुढे झुकून पडद्यात बघत होते, फळ्यावरचं उत्तर चुकलंय पण कुठे ते कळत नाही अशा चेहऱ्याने.

"किती राहिलं तळापासून?" त्यांनी विचारलं. "बोटं लावून बघ."

भावाने बोटं आडवी लावली. "आठ."

"चार असतील."

"आठ आहेत, बाबा."

"एका बाराला चार बोटं," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःची चार बोटं सोफ्याच्या हातावर आडवी ठेवली. मग दुसऱ्या हाताची चार त्याच्यापुढे. "पुन्हा बघ."

भावाने पुन्हा गज सोडला. तिथेच अडला.

"दोन आहेत," बाबा अगदी हळू म्हणाले.

"म्हणजे?" वहिनीने विचारलं.

आम्हा तिघांना कळलं होतं. एका संध्याकाळी त्यांनी बंदूक भरली, डुकरं आली नाहीत, केप काढून टांगली. दुसऱ्या संध्याकाळी ती रिकामी समजून, गज न घालता, त्याच बारावर दुसरा बार भरला. अशी बंदूक उडवली तर छर्रे पुढे जातीलच असं नाही. जुनी नळी हातातच फुटते, आणि दस्ता गालाला लावलेला असतो. त्या दिवशी डुकरं आली असती तर आमचे बाबा माचीवरच राहिले असते.

"मग हवेत काढलेला तो बार?" माझ्या तोंडून निघून गेलं. मला विचारायचं नव्हतं.

ते आठवत राहिले. "तो मागच्या वर्षीचा असेल," ते म्हणाले.

असेल. बाबांनी आयुष्यात वर्गात किंवा घरात हा शब्द वापरलेला मला आठवत नाही. असतं किंवा नसतं, एवढंच त्यांच्याकडे होतं. मी सोफ्यावर बसले होते आणि मनातल्या मनात देवाकडे मागत होते की हे खोटं असू दे. त्यांनी लपवलेलं असू दे, हट्टाने, भांडणापायी, कशापायीही. लबाड बाप मला चालला असता.

पुढचं त्यांनी न चुकता सांगितलं. नळीत पाणी ओत, तोंडापर्यंत. केपेच्या छिद्रातून झिरपू दे. केपांची डबी देवघराच्या फळीवर आहे, ती आधी शेजारी पाठव. दारूच्या डब्याजवळ दिवा नेऊ नको. उकरायला जाऊ नको, ते आपलं काम नाही. बंदूक गोणपाटात गुंडाळ, तोंड दरडीकडेच ठेव आणि पोलीस पाटलांना बोलाव, परवाना माझ्या नावावर आहे, तू घेऊन फिरू नकोस. कसं करायचं ते सगळं त्यांना आठवत होतं. केलं की नाही, तेवढंच आठवत नव्हतं.

दुपारी भावाचा फोन आला. पोलीस पाटलांनी बंदूक ठाण्यात जमा केली होती, तालुक्याच्या परवानेवाल्या दुकानदाराकडून नळी मोकळी करून घेणार होते. पाटावर या वर्षी कोयते आणि विळेच पुजले. परवान्याबद्दल भाऊ एक शब्द बोलला नाही. बाबाच म्हणाले, "ती तिकडेच राहू दे. परत आणू नको." मग फोन मला दिला आणि भाऊ माझ्याशी बोलायच्या ऐवजी रडायला लागला.

संध्याकाळी मुलगी खाली खेळायला गेली होती. बाबा आणि मी कॉरिडॉरमध्ये खुर्च्या टाकून बसलो. समोरच्या ब्लॉकमध्ये कुणीतरी बांबूवर कपडे वाळत घालत होतं.

"शेजाऱ्याला फोन केला होता मी," ते म्हणाले. "तू ऐकलंस. मला माहीत आहे, खिडकी उघडी होती. मलाच खात्री वाटत नव्हती. रात्री पडलो की वाटायचं भरलेली आहे. सकाळी वाटायचं, छे, काढला की बार."

"मग धाकट्याला रिकामी आहे म्हणून का सांगितलंत?"

"त्याने विचारलं तेव्हा रिकामी आठवली. अगदी स्वच्छ आठवली गो. दरडीत उडालेली माती दिसली."

पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे जाऊया, एवढं मी म्हणाले. त्यांनी मान हलवली.

"तुला वाटलं मी लपवतोय."

"हो."

"बरोबर केलंस. तू संशय घेतलास म्हणून पोरी वाचल्या." मग ते समोरच्या कपड्यांकडे बघत म्हणाले, "आता माझ्यावर संशय घेत जा. दर वेळी. मी रागावलो तरी घे. शपथेवर सांगितलं तरी घे."

"बाबा."

"मी सांगतोय म्हणून घे."

अंधार पडायला लागला तसे आम्ही खुर्च्या आत घेतल्या. त्यांनी चहा ठेवला होता, दोघांसाठी, तो आम्ही प्यायलो. कप विसळून ठेवत ते म्हणाले, "गॅस बंद केलाय."

मी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि बटणाला हात लावून बघितलं. बंद होता. वळले तर बाबा दारात उभे होते. ते रागावले नाहीत.